साहेब म्हणाले, ‘प्रश्नसंच पाठ करा’, आणि मी नापास झाले

पत्र: मी फुलेवाडीत राहते. बारावी झाले आहे, घरीच शिवणकाम करते. यजमान शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. जीवन विम्याची एजन्सी घ्यावी म्हणून आयसी-38 ची परीक्षा दिली. शाखेतले साहेब म्हणाले होते, ‘35 टक्केच लागतात, मोबाईलवर पाचशे प्रश्नांचा संच पाठवतो, तो पाठ करा.’ रात्री जागून पाठ केला. 50 पैकी 15 पडले. पुस्तक मराठीत आहे, पण त्यातलं मराठी डोक्यावरून जातं आणि इंग्रजी मला येत नाही. गणिताची भीती वाटते ती वेगळीच. तीन आठवड्यांनी परत परीक्षा आहे. क्लास लावू का? आणखी एक विचारायचं होतं. माझी नणंद पहिली पॉलिसी माझ्याकडूनच घेणार म्हणते. तिला दोन वर्षांपासून शुगर आहे. ‘फॉर्मवर लिहू नकोस, उगाच अडकेल,’ असं एकजण म्हणाले. काय करू?

उत्तर:

ताई, नणंदेच्या शुगरचं शेवटी बोलू. पण तो प्रश्न लक्षात असू द्या, कारण तुमच्या अभ्यासाची किल्ली त्यातच आहे.

आधी गुणांचा हिशेब. पेपर 50 प्रश्नांचा, वेळ एक तास, प्रत्येक प्रश्नाला एक गुण. 35 टक्के म्हणजे साडेसतरा, म्हणून पास व्हायला 18 लागतात. तुम्हाला तीन कमी पडले, म्हणजे थोडक्यात हुकलं असं वाटतं. पण प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. काही न वाचता 50 च्या 50 ठिकाणी ‘ब’ लावून आलं असतं, तरी सरासरी बारा-तेरा गुण पडले असते. म्हणजे इतकं जागून पाठ केलेल्या पाचशे प्रश्नांनी तुम्हाला जेमतेम दोन-तीन गुण दिले. यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही, पद्धत चुकीची होती. मन लावून मेहनत करणाऱ्या बाईला असा सल्ला मिळतो याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

पाठांतर का फसतं ते एका प्रश्नावर बघा. विमायोग्य हित म्हणजे ज्याचा विमा काढतो त्याच्या नुकसानीने आपलंही आर्थिक नुकसान होणं. संचात असतं, ‘विमायोग्य हित कधी असावं लागतं?’ उत्तर, ‘करार सुरू होताना’. हे जीवन विम्यापुरतं बरोबर आहे. पेपरात तोच प्रश्न सागरी विम्याबद्दल आला की उत्तर होतं ‘नुकसान होताना’. आगीच्या विम्याबद्दल आला की ‘दोन्ही वेळी’. पाठ करणाऱ्याला ‘विमायोग्य हित’ हे शब्द दिसतात आणि हात जुन्याच पर्यायावर जातो. संचातलं वाक्य जरासं फिरवलं, ‘खालीलपैकी कोणतं विधान बरोबर आहे’च्या जागी ‘चुकीचं आहे’ केलं, की सगळं पाठांतर उलटं अंगावर येतं.

आता कसं वाचायचं ते सांगतो. पुस्तकातला प्रत्येक नियम कधी ना कधी क्लेमच्या वेळी कामाला येतो. पैसे द्यायचे की नाही, कुणाला द्यायचे, किती द्यायचे, याचं उत्तर तो देतो. म्हणून धडा वाचताना दर पानाला स्वतःला विचारा: उद्या क्लेम आला तर हा नियम कुणाच्या बाजूने बोलेल? उत्तर सापडलं की तो नियम पाठ करावा लागत नाही.

विमायोग्य हितच घ्या. शेजारणीच्या नावावर तुम्ही पॉलिसी काढू शकता का? नाही, कारण ती गेली तर तुमचं आर्थिक नुकसान काही नाही. पैसे मिळाले तर तो जुगार झाला. पण नवरा-बायको एकमेकांची काढू शकतात. पैसे उसने देणारा घेणाऱ्याची काढू शकतो, पण फक्त येणं असलेल्या रकमेपुरती. भिशीतल्या ओळखीवर निघत नाही. आता वेळेचा मुद्दा. जीवन विमा वीस-पंचवीस वर्षं चालतो, तेवढ्यात नाती आणि देणी-घेणी बदलतात, म्हणून हित सुरुवातीला असलं की पुरतं. जहाजावरचा माल मात्र वाटेतच विकला जातो, मालक बदलतो. म्हणून तिथं बघतात ते बुडाला त्या घडीला माल कुणाचा होता एवढंच. कारण कळलं की तिन्ही उत्तरं आपोआप सुचतात.

जोखीम, आपत्ती आणि धोकावाढ या तीन शब्दांत जवळजवळ सगळेच अडकतात. इंग्रजीत रिस्क, पेरिल आणि हॅझार्ड. यासाठी आपली पंचगंगा पुरेशी आहे. महापूर ही आपत्ती, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान करणारी गोष्ट. दुधाळीत किंवा सुतारवाड्यात नदीच्या अंगाला घर असणं ही धोकावाढ, म्हणजे नुकसानीची शक्यता वाढवणारी परिस्थिती. आणि घराचं नुकसान होईल की नाही ही अनिश्चितता म्हणजे जोखीम. 2019 आणि 2021 चं पाणी ज्यांनी बघितलं त्यांना हा फरक समजवावा लागत नाही, फक्त शब्द जागेवर बसवायचे. धोकावाढीचेही दोन प्रकार विचारतात. नदीकाठचं घर ही भौतिक. ‘विमा आहेच की’ म्हणून माल माळ्यावर न चढवणं ही नैतिक, म्हणजे माणसाच्या वृत्तीतली.

निकट कारणाचं, म्हणजे नुकसान घडवणाऱ्या खऱ्या कारणाचंही तसंच. राजारामपुरीत कापड दुकानाला आग लागली, अग्निशामक दलाने पाणी मारलं आणि न जळलेले तागे भिजून खराब झाले. पॉलिसी आगीची आहे. भिजलेल्या ताग्यांचे पैसे मिळतील का? मिळतील, कारण पाणी आलं ते आगीमुळे. साखळीतला खरा जोर असलेला दुवा आग आहे.

भाषेचं म्हणाल तर तुमची तक्रार रास्त आहे. मराठी पुस्तकातलं मराठी अवघड आहे, कारण शाखेत कुणी तसं बोलत नाही. शाखेत सगळे ‘नॉमिनी’ म्हणतात, पुस्तक ‘नामनिर्देशित व्यक्ती’ म्हणतं. ‘असाइनमेंट’चं ‘अभिहस्तांकन’ होतं, ‘सबरोगेशन’चं ‘प्रत्यासन’, ‘इंडेम्निटी’चं ‘क्षतिपूर्ती’, आणि एकाच गोष्टीला कुठे ‘विमायोग्य’ तर कुठे ‘विमापात्र’ हित. एक शंभरपानी वही घ्या आणि पानाचे तीन रकाने करा: पुस्तकातला शब्द, शाखेत बोलतात तो शब्द (इंग्रजी असला तरी देवनागरीतच), आणि तिसऱ्यात तुमच्या भाषेतला अर्थ एका ओळीत. साधारण सत्तर-ऐंशी शब्द होतील. पहिले पाच दिवस फक्त एवढंच केलंत तरी चालेल. शब्द उघडले की पेपरातला निम्मा अंधार जातो. आणि शाखेत जाऊन एकदा खात्री करा, की नवीन अर्ज भरताना परीक्षेची भाषा मराठीच टाकली आहे.

त्या वहीत नॉमिनेशन आणि असाइनमेंट समोरासमोर लिहा, कारण या जोडीवर प्रश्न येतोच. नॉमिनेशन विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये, असाइनमेंट कलम 38 मध्ये. नॉमिनेशनने पॉलिसीची मालकी हलत नाही, विमाधारक हयात असेपर्यंत नॉमिनीला काही हक्क नाही, आणि नाव केव्हाही बदलता येतं. असाइनमेंटने हक्कच दुसऱ्याकडे जातो. बँकेकडे पॉलिसी तारण ठेवली तर ती असाइनमेंट. नॉमिनी अज्ञान असेल तर पैसे स्वीकारायला सज्ञान व्यक्ती नेमावी लागते, तिला ‘अपॉइंटी’ म्हणतात.

कलमं ढीगभर पाठ करू नका. 38 आणि 39 झाली, आणखी तीन पक्की करा. कलम 64 व्हीबी: प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. कलम 45 नणंदेच्या उत्तरात येतंय. आणि कलम 41 तर तुमच्या दारातच उभं राहणार आहे. बचत गटातल्या बायका विचारतील, ‘तुला कमिशन मिळतंय, त्यातलं आम्हाला किती देणार? पहिला हप्ता तूच भर.’ याला रिबेट म्हणतात. देणं आणि घेणं, दोन्ही मना आहे, दंड 10 लाख रुपयांपर्यंत. पेपरात उत्तर लिहायचं आणि धंद्यात हप्ता भरायचा, असं करणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

वयाच्या पुराव्यावरचा प्रश्न मात्र आपल्याकडे बहुतेकांचा हमखास चुकतो. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट हे प्रमाणित पुरावे. जन्मपत्रिका, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र हे अप्रमाणित. ग्रामपंचायतीचा दाखला म्हटलं की आपल्याला तो पक्का सरकारी कागद वाटतो, म्हणून उत्तर चुकतं. त्यात वय ऐकीव माहितीवरून घातलेलं असू शकतं, म्हणून विमा कंपनी त्याला कमी मानते.

आता गणित. भीती काढून टाका, जो शिंपी छातीच्या मापावरून मुंढा काढतो त्याला हे गणित जड नाही. जीवन विम्यात मुख्य तीनच हिशेब आहेत.

पहिला मानवी जीवन मूल्याचा. एकाचा पगार महिना 25,000, त्यातले स्वतःवर खर्च 5,000. तो गेला तर घराचं वर्षाला नुकसान किती? महिन्याला 20,000, वर्षाला 2,40,000. व्याजाचा दर 6 टक्के धरला तर किती रक्कम ठेवल्यावर वर्षाला एवढं व्याज येईल? 2,40,000 भागिले 6, गुणिले 100, म्हणजे 40 लाख. चुका दोन ठिकाणी होतात: महिन्याच्या आकड्याला 12 ने गुणायचं राहतं, नाहीतर स्वतःचा खर्च वजा करायचा राहतो. आणि पर्यायांत तुमचं ते चुकीचं उत्तर बहुधा दिलेलं असतं, म्हणून उत्तर ‘जुळलं’ यावर समाधान मानू नका.

दुसरा पेड-अपचा, म्हणजे हप्ते मधेच थांबले तर कमी होऊन उरणाऱ्या विमा रकमेचा. विमा रक्कम 3 लाख, मुदत 20 वर्षं, वार्षिक हप्ते, 8 भरले आणि थांबले. 3 लाख गुणिले 8 भागिले 20, म्हणजे 1,20,000, अधिक तोवर जमलेला बोनस. हप्ते सहामाही असतील तर वर्षं न मोजता हप्ते मोजा. 17 सहामाही हप्ते भरले असतील तर 40 पैकी 17, म्हणजे 1,27,500. इथं ‘साडेआठ वर्षं’ म्हणून आठच धरणारे बरेच.

तिसरा बोनसचा. हजारी 40 रुपये साधा बोनस, विमा रक्कम 3 लाख. 300 गुणिले 40, वर्षाला 12,000. पंधरा वर्षांचे 1,80,000. साधा बोनस फक्त मूळ विमा रकमेवर मिळतो, चक्रवाढ असेल तर आधीच्या बोनसवरही. प्रश्नात कोणता शब्द आहे तेवढा आधी बघा. या तिन्हींची रोज दोन-दोन उदाहरणं आकडे बदलून सोडवा, दहा दिवसांत हात बसेल.

मोबाईलवर फिरणारे संच आणखी एका कारणाने घातक आहेत. त्यांतले आकडे शिळे असतात. पॉलिसी हातात आल्यावर नको असेल तर परत करण्याची मुदत, म्हणजे फ्री लूक, पूर्वी 15 दिवस होती. 2024 पासून ती 30 दिवस आहे. आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त 48 महिने होती, ती 36 झाली. मोरेटोरियम, म्हणजे ज्यानंतर लबाडी सोडून माहिती लपवल्याच्या कारणाने आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही ती मुदत, 8 वर्षांवरून 5 वर आली. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाची भरपाईची मर्यादा 30 लाखांवरून 2023 मध्ये 50 लाख झाली. वैयक्तिक जीवन आणि आरोग्य पॉलिसीच्या प्रीमियमवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे, आणि जुन्या नोट्स अजून 18 टक्के शिकवतात. म्हणून शाखेतून सध्या चालू असलेल्या आवृत्तीचंच पुस्तक मागून घ्या आणि आतल्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघा. वहीच्या मागच्या पानावर ‘आधी’ आणि ‘आता’ असे दोन रकाने करून हे आकडे लिहून ठेवा. ग्राहकाला मात्र नेहमी आजचाच नियम सांगायचा.

न बदललेले आकडेही आहेत. ग्रेस पिरियड, म्हणजे तारीख उलटल्यावर हप्ता भरायची सवलत, मासिक हप्त्याला 15 दिवस, बाकी हप्त्यांना 30 दिवस. ग्रेसमध्ये मृत्यू झाला तर क्लेम मिळतो, राहिलेला हप्ता वजा करून. आत्महत्येचं कलम 12 महिन्यांचं, तेवढ्यात आत्महत्या झाली तर पूर्ण विमा रक्कम मिळत नाही. इतिहासात फार वेळ घालवू नका, एवढं पुरे: 1818 मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ, विमा कायदा 1938 चा, एलआयसी 1 सप्टेंबर 1956, सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण 1972 च्या कायद्याने, विमा क्षेत्रातल्या सुधारणांसाठीची मल्होत्रा समिती 1993, नियामक प्राधिकरणाचा कायदा 1999. तक्रारीचा रस्ता क्रमाने विचारतात: आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा ते पटलं नाही तर लोकपाल. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील चालत नाही. आपल्या कोल्हापूरसाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे, हे पुढे ग्राहकांना सांगायलाही उपयोगी पडेल.

क्लास लावू नका. कंपनीचं प्रशिक्षण आहेच. तिथं नुसती सही करून येऊ नका, बसा आणि वहीतले न कळलेले शब्द विचारा. वेळेचं असं बघा. शिवणाला बसण्याआधी सकाळी एक तास वाचन, रात्री अर्धा तास कालच्या पानांची उजळणी. पहिल्या आठवड्यात शब्दवही आणि तत्त्वं, दुसऱ्यात जीवन विम्याचे धडे आणि हिशेब, आरोग्य विम्याचा भाग दोन सकाळींत. धडा उघडला की आधी शेवटचे प्रश्न वाचा, मग धडा. काय शोधायचं ते माहीत असलं की वाचन भटकत नाही.

तिसरा आठवडा फक्त सराव पेपरांचा. दाराला कडी, मोबाईलवर 60 मिनिटांचा गजर, 50 प्रश्न. नंतर प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे तीनपैकी एक कारण लिहा: ‘माहीत नव्हतं’, ‘दोन शब्दांत घोटाळा’ किंवा ‘प्रश्न नीट वाचला नाही’. चार पेपर झाले की तुमचं खरं दुखणं कागदावर दिसेल. आमचा अंदाज, तिसरं कारण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त वेळा निघेल. सरावात लागोपाठ दोनदा 35 च्या वर गुण पडले की तयारी झाली समजा. पास व्हायला 18 पुरतात हे खरं, पण सराव पेपरात ओळखीचे प्रश्न बरेच असतात, खऱ्या पेपरात ते गळतात.

परीक्षेला मूळ ओळखपत्र आणि हॉलतिकीट दोन्ही न्या, दोन्हींवरचं नाव एकसारखं आहे का ते आठवडाभर आधी बघा. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या, आधारवर तिसरंच काहीतरी, हे आपल्याकडे घरोघरी आहे आणि नेमणुकीच्या कागदांत ते अडतं. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आत्ताच काढून ठेवा. पेपरात एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद मिळतात. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवत पुढे जा, हिशेबाचे आणि शंकेचे खूण करून मागे ठेवा. ‘नाही’, ‘चुकीचे’, ‘वगळता’ हे शब्द दिसले की थांबून प्रश्न पुन्हा वाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहिला नाही ना, हे तपासा.

पास झाल्यावर प्रमाणपत्र नेमणुकीसाठी 12 महिने चालतं, तेवढ्यात कंपनीकडून नेमणूक घ्या. सगळे ‘लायसन्स’ म्हणतात, पण आता एजंटला लायसन्स मिळत नाही, कंपनी नेमणूकपत्र देते. ते हातात येईपर्यंत नणंदेचा फॉर्म तुम्ही भरायचा नाही.

आता तिची शुगर. लिहायचीच. विम्यात परम सद्भावाचं तत्त्व आहे: विचारलेली आणि जोखमीवर परिणाम करणारी माहिती लपवायची नाही. कलम 45 प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत कंपनी चुकीच्या माहितीवरून क्लेम नाकारू शकते. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही. ही तीन वर्षं पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची (बंद पडलेली पॉलिसी परत सुरू केल्याची) किंवा रायडर, म्हणजे जादा संरक्षण, जोडल्याची तारीख, यांतल्या सर्वांत उशिराच्या तारखेपासून मोजतात. हा परीक्षेचा आवडता प्रश्न आहे. ‘तीन वर्षं निघाली की झालं’ असं सांगणारे भेटतील. पण त्या तीन वर्षांत काही झालं आणि लबाडी सिद्ध झाली, तर भरलेले हप्तेही जाऊ शकतात. लबाडी नसून नुसती चुकीची माहिती ठरली तर हप्ते 90 दिवसांत परत मिळतात, विम्याची रक्कम नाही. आणि तेव्हा दारात उभी असतील ती तुमची भाचरं.

फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा तिची फाइल मागवून घ्या. शुगर कधी कळली ती तारीख, गोळीचं नाव आणि मात्रा, गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसीचा (रक्तातल्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट, डॉक्टरांचं नाव, हे सगळं फॉर्मवर उतरवा आणि सही करण्याआधी तिला मोठ्याने वाचून दाखवा. कंपनी तपासणी मागेल, कदाचित जादा प्रीमियम लावेल, कदाचित काही महिने थांबायला सांगेल. जादा प्रीमियम लागला तर तो किती आणि कशामुळे, हे शाखेतून लेखी घ्या आणि नणंदेच्या हातात द्या.